बॅटली : ३२३ मतांचं गाव

लीड्सहून हडर्सफील्डकडे जाणाऱ्या, सगळीकडे थांबणाऱ्या गाडीत बसलं की थोड्याच वेळात बॅटली येतं, आणि पुढचं स्टेशन ड्यूजबरीचं. गिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या दगडी इमारती, टेकडीवर चढत जाणाऱ्या एकसारख्या घरांच्या रांगा आणि मधूनच डोकावणारे मशिदींचे घुमट. इंग्लंडच्या उत्तरेचा हा यॉर्कशायर भाग. १८१३ च्या सुमारास इथल्या बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने जुन्या लोकरी चिंध्या फाडून, पिंजून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा कापड विणायची युक्ती काढली. त्या कापडाला ‘शॉडी’ म्हणत. पुढे इंग्रजीत शॉडी म्हणजे हलक्या प्रतीचा माल असा अर्थ रूढ झाला, पण ही गावं श्रीमंत झाली ती याच चिंध्यांवर. आज हा धंदा आपल्या पानिपतला जोरात चालतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर गिरण्यांना माणसं कमी पडू लागली, तेव्हा भरूच-सुरतकडचे गुजराती मुसलमान आणि पाकिस्तानातले लोक इथे आले. गिरण्या बंद पडल्या, माणसं राहिली. ड्यूजबरीच्या सॅव्हिल टाउन मोहल्ल्यात तबलीगी जमातीचं युरोपातलं मरकज आहे, त्यामुळे आपल्या काही वाचकांनी हे नाव ऐकलं असेल.

माझी मामेबहीण लग्न होऊन या भागात गेली. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे तीन आठवडे राहून आले. शाळेत नागरिकशास्त्र शिकवते म्हणून असेल, पण मला बाजारापेक्षा तिथल्या निवडणुकांच्या गोष्टींतच जास्त रस वाटला. बहिणीचा पासपोर्ट अजून भारताचा आहे, तरी ती तिथे खासदार निवडते! राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असेल तर त्याला संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. मतदान बहुधा गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १० पर्यंत, कागदावर पेन्सिलीने फुली मारून. बोटाला शाई नाही. “आपा, आमच्याकडे एकेका मताला भाव आहे,” ती म्हणाली. हे मी आधी थट्टेवारी नेलं, पण आकडे पाहिल्यावर पटलं.

‘बॅटली अँड स्पेन’ हा मतदारसंघ १९८३ मध्ये तयार झाला. पहिल्याच निवडणुकीत कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या एलिझाबेथ पीकॉक अवघ्या ८७० मतांनी जिंकल्या. १९९७ मध्ये तो मजूर पक्षाकडे गेला. शेजारच्या ड्यूजबरीची तऱ्हा आणखी चंचल. २००५ मध्ये तिथे मजूर पक्षाचे शाहिद मलिक आणि कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या सईदा वारसी असे दोन मुसलमान उमेदवार समोरासमोर उभे राहिले आणि मलिक निवडून आले. २०१० मध्ये मलिक १,५२६ मतांनी पडले, आणि त्याच निवडणुकीत खिझर इक्बाल या अपक्षाने ३,८१३ मतं घेतली होती. वारसी पडल्या तरी संपल्या नाहीत. त्याच वर्षी त्या ब्रिटनच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या मुसलमान महिला ठरल्या.

२०१५ मध्ये बॅटलीतून जो कॉक्स निवडून आल्या. संसदेतल्या पहिल्याच भाषणात त्यांनी आपल्या मतदारसंघातल्या गुजरातेतून आलेल्या मुसलमानांचा आवर्जून उल्लेख केला होता. वर्षभराने, १६ जून २०१६ रोजी, बर्स्टॉलच्या वाचनालयात मतदारांना भेटायला जाताना एका वर्णद्वेष्ट्या माणसाने त्यांचा खून केला. ७७ वर्षांचे एक गृहस्थ त्यांना वाचवायला धावले, तेही जबर जखमी झाले. ब्रेक्झिटचं सार्वमत तेव्हा आठवड्यावर होतं. पोटनिवडणुकीत इतर मोठ्या पक्षांनी उमेदवार दिला नाही. मजूर पक्षाच्या ट्रेसी ब्रेबिन सहज निवडून आल्या.

२०२१ मध्ये ब्रेबिन वेस्ट यॉर्कशायरच्या महापौर झाल्या, खासदारकी सोडावी लागली आणि १ जुलैला पुन्हा पोटनिवडणूक आली. आधीच्या मार्चमध्ये बॅटलीतल्या एका शाळेत पैगंबरांचं (स.) व्यंगचित्र वर्गात दाखवल्यावरून गाव ढवळून निघालं होतं. निदर्शनं झाली, शाळेने माफी मागितली. चौकशीत शिक्षकाचा हेतू दुखावण्याचा नव्हता असं निघालं, तरी त्यांना कुटुंबासह लपून राहावं लागलं. आपला संताप मला समजतो. पण एका शिक्षकाच्या मुलाबाळांना घर सोडावं लागलं, हे मला शिक्षिका म्हणून आजही बोचतं.

या वातावरणात मजूर पक्षाने जो कॉक्स यांच्या धाकट्या बहिणीला, किम लीडबीटर यांना, उभं केलं. फिलिस्तीन आणि काश्मीरचे मुद्दे घेऊन जॉर्ज गॅलोवे मैदानात उतरले. मजूर पक्षाला हरवायचंच, हे त्यांनी लपवलं नाही. मुसलमान मतं निसटतात हे दिसताच मजूर पक्षाने पत्रक काढलं, त्यावर बोरिस जॉन्सन आणि नरेंद्र मोदी यांचा एकत्र फोटो! भारताचं राजकारण यॉर्कशायरच्या दारात जाऊन पडलं. निकाल असा : लीडबीटर १३,२९६, कन्झर्व्हेटिव्ह उमेदवार १२,९७३, गॅलोवे ८,२६४. फरक ३२३. आमच्या शाळेच्या परिपाठाला याहून जास्त मुलं रांगेत असतात.

तरुण मतदारांची चीड मात्र त्या पत्रकाने गेली नाही. बहिणीच्या सासऱ्यांनी आयुष्यभर डोळे झाकून मजूर पक्षाला मत दिलं. गिरणीतल्या युनियनने त्यांना माणूस म्हणून वागवलं होतं, त्याची ती परतफेड. मुलांवर असं काही कर्ज नाही. मशिदीच्या चार बुजुर्गांशी बोललं की मोहल्ल्याची मतं खिशात, हा हिशेब पक्षांनी वर्षानुवर्षं चालवला. बायकांना तर कुणी विचारलंही नव्हतं.

२०२४ च्या आधी मतदारसंघांची फेररचना झाली. बॅटली ड्यूजबरीला जोडलं गेलं, स्पेन खोरं वेगळं झालं. गाझाच्या युद्धाने लोक पेटलेले होतेच. नव्या ‘ड्यूजबरी अँड बॅटली’मधून इक्बाल मोहम्मद हे अपक्ष जवळपास सात हजार मतांनी निवडून आले. लीडबीटर शेजारच्या स्पेन व्हॅलीतून ६,१८८ मतांनी जिंकल्या, पण तिथे विरोधी मतं कन्झर्व्हेटिव्ह आणि रिफॉर्म पक्षात विभागली, त्यांची बेरीज लीडबीटर यांच्याहून जास्त भरते.

पुढची निवडणूक उशिरात उशिरा ऑगस्ट २०२९ पर्यंत व्हायला हवी. परदेशातल्या युद्धावरचा राग एकदा जिंकून देतो, दुसऱ्यांदा लोक कामाचा हिशेब मागतील असं मला वाटतं. ड्यूजबरीच्या इस्पितळातल्या बऱ्याच सेवा वेकफील्डला हलवल्या आहेत, बाळंतपणासाठी कुठे जायचं हा तिथल्या घराघरातला प्रश्न आहे. मजूर पक्ष आणि अपक्ष यांच्यात मतं फाटली तर तिसराच निवडून येईल, हे २०१० ने एकदा दाखवलंच आहे. सरकारने मतदानाचं वय १६ वर आणायचं जाहीर केलं आहे. तसं झालं तर बहिणीच्या दोन्ही मुली पहिल्यांदा मत देतील. धाकटीला मी उमेदवारांची नावं विचारली, तर तिने इस्पितळाच्या बसचं वेळापत्रक काढून दाखवलं.