तिसरा माणूस

उपनगरातली दुपार अडीच-तीनच्या सुमारास सैल पडते. सकाळच्या फास्ट लोकलला लोंबकळत गेलेली माणसं परतायला अजून अवकाश असतो, शाळेच्या बसगाड्या सुटलेल्या नसतात, भाजीवाल्याने गाडीवर ओलं गोणपाट पांघरलेलं असतं. मुलुंडच्या गव्हाणपाड्यात काय, बोरिवलीच्या बाभईत काय किंवा घाटकोपरच्या पंतनगरात काय, या वेळी कितीतरी घरांत एकच माणूस असतं आणि ते साठीच्या पुढचं असतं. पेपर वाचून झालेला असतो, शब्दकोड्यातले दोन उभे शब्द अडलेले असतात. अशा वेळी फोन वाजला तर तो उचलला जातोच. कुणीतरी आपली आठवण काढली, एवढं सुख त्या वाजण्यात असतं.

ही वेळ चोरालाही ठाऊक असते. पण त्याच्याकडे वळण्याआधी दुसऱ्या काही अनोळखी माणसांची नोंद घ्यायला हवी, कारण मुंबईतलं म्हातारपण त्यांच्याच जिवावर चालतं.

घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकलकडे जाणाऱ्या पुलावर संध्याकाळी पाय ठेवायलाही जागा नसते. त्या लोंढ्यात पाठीवर सॅक अडकवलेला एखादा मुलगा काही न बोलता मागे उभा राहतो आणि आपल्या पाठीने गर्दी थोपवून धरतो. पुढच्या आजोबांना ते कळतही नाही. लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौथी सीट निघते, आणि चौथीवर टेकलेल्या आजी दोन स्टेशनांत कुणाच्या तरी खुणेने खिडकीशी पोचलेल्या असतात. अंधेरीत रिक्षावाला शंभर मीटरचं भाडं नाकारतो, आणि दुसरा कुणी तेवढ्याच अंतरासाठी थांबून पिशवी आत घेतो. औषधाच्या दुकानातला पोऱ्या गोळ्यांच्या पाकिटावर सकाळी एक, रात्री एक असं पेनाने ठळक लिहून देतो. पासबुक छापायच्या यंत्रापुढे कुणीतरी मागून सांगतं, ‘काका, उलटं धरलंय.’ यांतल्या एकाचंही नाव कुणाला माहीत नसतं. पुन्हा भेट होईल अशी अपेक्षाही नसते. तरी वय झालेल्या माणसाचा दिवस मोडून पाहिला तर तो असल्या निनावी हातांनीच जोडलेला दिसतो.

म्हणून ‘कुणावरही विश्वास ठेवू नका’ हा उपदेश मला पटत नाही. तो देणाऱ्याला जिना चढताना दुसऱ्याचा हात लागत नसतो.

अडचण अशी की चोराने नेमकी याच चांगुलपणाची बोली उचलली. तोही ‘आजी’ म्हणतो, ‘काका’ म्हणतो, पिशवी धरतो. देवळातून परतणाऱ्या बाईला दोघे गाठतात आणि सांगतात, पुढे शेटजींना मुलगा झालाय, साड्या वाटताहेत, पण अंगावर सोनं दिसलं तर तुम्हाला गरीब कोण समजणार? माळ काढून रुमालात बांधा. बांधायला मदतही तेच करतात. घरी येऊन गाठ सोडली की आत खडे निघतात. दुसरा प्रकार तोतया पोलिसाचा: पुढच्या गल्लीत चोरी झाली आहे, दागिने घालून फिरू नका, द्या, मी पुडीत नीट बांधून देतो. तिसरा एटीएमपाशी उभा असतो. कार्ड अडकलं की तो पुढे होतो आणि मदत करता करता कार्ड बदलतो. पोलिसांच्या आणि बातमीदारांच्या तोंडी यांना बोलबच्चन टोळी म्हणतात. गेली कित्येक वर्षं उपनगरांतल्या पोलीस ठाण्यांत या फिर्यादी येत आहेत. तपशील बदलतात, पण कावा एकच असतो. आधी काळजी दाखवायची, मग घाई करायची आणि शेवटी माणसाला बाजूला घ्यायचं.

आता तर बाजूला घ्यायला रस्ताही लागत नाही. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे, तुमच्या आधारवर काळ्या पैशाचं खातं उघडलंय, अशी काहीतरी सुरुवात होते. मग व्हिडिओ कॉल येतो. पडद्यावर गणवेश, मागे राजमुद्रा, टेबलावर फाइली. तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केलेलं असतं. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, फोन ठेवायचा नाही, आणि ही राष्ट्रीय गुपिताची बाब असल्याने मुलाला, मुलीला, शेजाऱ्यांना अवाक्षर सांगायचं नाही. पैसे ‘पडताळणी’साठी रिझर्व्ह बँकेच्या म्हणून सांगितलेल्या खात्यात भरायचे. निर्दोष ठरलात की ते परत मिळतील.

अंधेरी पश्चिमेच्या एका अडुसष्ट वर्षांच्या बाईंचे २०२५ मध्ये असे पावणेचार कोटी रुपये गेले. त्यांना व्हिडिओवरच ‘न्यायाधीशां’पुढे उभं केलं होतं, आणि त्या खोट्या न्यायमूर्तीने चक्क माजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांचं आडनाव लावलं होतं. पण त्या बातमीतली दुसरीच एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. चोरांनी त्यांना स्वतःच्या आयुष्याविषयी दोन-तीन पानं लिहून द्यायला सांगितली होती. त्यांनी ती लिहिली. मी तो कागद पाहिलेला नाही, पण टेबलाशी बसून लिहिणारी बाई डोळ्यांपुढे येते: जन्म कुठला, शिक्षण काय, संसार कसा केला. ‘तुमच्याबद्दल सांगा’ असं त्यांना याआधी कुणी, कधी विचारलं असेल? ज्या प्रश्नासाठी माणूस वर्षानुवर्षं आसुसलेलं असतं, तो प्रश्न चोराने विचारला. एवढ्या रकमेपेक्षा मला तेच जास्त लागलं.

कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. खऱ्या अटकेचा नियम तर याच्या बरोबर उलटा आहे. पश्चिम बंगालमध्ये कायदेविषयक मदतीचं काम करणाऱ्या संस्थेचे डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. त्यांतला एक असा की अटक झालेल्याच्या नातेवाइकाला, मित्राला किंवा त्याचं बरं पाहणाऱ्या कुणाला तरी ती कळवली पाहिजे. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे बंधन आहे. खरं सरकार पकडतं तेव्हा तिसऱ्या माणसाला कळवायला बांधलेलं असतं. खोटं सरकार पहिल्याच वाक्यात तिसऱ्या माणसाला हाकलतं. चांगुलपणा आणि ठकबाजी बोलण्यात सारखीच गोड असतात, त्यांच्यातला फरक इथे कळतो. पुलावर गर्दी थोपवणाऱ्या मुलाला आणखी कुणी पाहिलं तर काही बिघडत नाही. रुमालात माळ बांधणाऱ्याचं बिघडतं.

माझी मावशी बोरिवलीला राहते, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. नोकरी सगळी टेलिफोन खात्यात झाली. ट्रंक कॉल जोडण्यापासून सुरुवात करून ती निवृत्त झाली. हजारो अनोळखी आवाज तिने एकमेकांना जोडून दिले. आवाजावर तिचा जरा जास्तच भरवसा. तिलाही दुपारी असाच फोन आला आणि पलीकडचा माणूस, तिच्याच शब्दांत, ‘खात्यातल्यासारखा’ बोलत होता. ती खुर्चीत ताठ बसून ‘येस सर’ म्हणत होती. तेवढ्यात इस्त्रीवाला कपडे घेऊन आला. दार लोटलेलंच होतं. हा जौनपूरकडचा माणूस, गॅरेजशेजारी टपरीत इस्त्री करतो. मावशीला त्याचं पूर्ण नाव माहीत नाही, त्यालाही तिचं नाही. त्याने तिचा चेहरा पाहिला, फोनमधला दरडावणीचा आवाज ऐकला, कपड्यांचा गठ्ठा दिवाणावर ठेवला आणि सरळ म्हणाला, “माताजी, पुलिस को आना होगा तो सीढ़ी चढ़के आएगी. फोन में से थोड़ी निकलेगी.”

सगळा कायदा त्या दोन वाक्यांत होता. मावशीने फोन ठेवला. नंतर तिने त्याला चहा दिला, तेव्हा तो इस्त्रीचे चाळीस रुपये मागायलाही विसरला नाही. हे मला फार आवडलं.

दक्षिण मुंबईतल्या शहाऐंशी वर्षांच्या बाईंकडूनही असेच वीस कोटींहून जास्त रुपये काढले गेले होते, २०२४ च्या डिसेंबरपासून पुढच्या मार्चपर्यंत. तिथेही घरात काहीतरी बिनसलंय हे आधी ओळखलं ते कामाला असलेल्या व्यक्तीनेच. बाई जेवण्यापुरत्या खोलीबाहेर येतात, आत कुणाशी तरी मोठ्याने बोलत असतात, हे तिने मुलीच्या कानावर घातलं. तोवर उशीर झाला होता, पण बंद दाराआड लक्ष होतं ते तिचंच.

एके काळी हे लक्ष फुकट मिळायचं. चाळीत सामायिक गॅलरी होती. चार मजली सोसायट्यांत दारं दिवसभर किलकिली असत, आणि कोण आलं, कुणाकडे आलं, किती वेळ थांबलं याचा हिशेब समोरच्या काकूंकडे असे. त्या भोचकपणाला आपण किती नावं ठेवली! आता मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत पुनर्विकासाची लाट आहे. चार मजल्यांच्या जागी वीस-बावीस मजले उभे राहतात. खाली सुरक्षारक्षक, फाटकावर ॲप, लॉबीत कॅमेरे. कुरिअरवाल्याला वर सोडायच्या आधी परवानगी घ्यावी लागते. पण भामटा खिशातल्या फोनमधून थेट झोपायच्या खोलीत येतो आणि एकाही कॅमेऱ्यात दिसत नाही. समोरचं दार मात्र आपण पक्कं लावून घेतलं आहे.

तिसरा माणूस अगदीच नाहीसा झाला असंही नाही, त्याने जागा बदलली. मुलुंड पूर्वेला चिंतामणराव देशमुखांच्या नावाचं उद्यान आहे. देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ पासूनचे. त्यांच्या बँकेचं नाव घेऊन आज लोकांना लुबाडलं जातं, आणि त्यांच्याच नावाच्या बागेत निवृत्त मंडळी त्यावर खल करतात. कुणाला वीज तोडण्याचा मेसेज आला, कुणाला मुलाच्या अपघाताचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये ‘रुको, सोचो, एक्शन लो’ असं सांगितलं. पुढे फोन लावला की आधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली ताकीद ऐकावी लागे. लोक तिला वैतागले आणि जून २०२५ मध्ये ती बंद झाली. बागेतल्या बाकावरची ताकीद चालूच आहे, कारण ती ओळखीच्या तोंडून येते आणि तिच्यासोबत शेंगदाणेही येतात.

तिथेच मी ऐकलं की पैसे गेल्यावर लगेच १९३० वर फोन करायचा असतो. चोरलेली रक्कम भाड्याने घेतलेल्या खात्यांतून भराभर पुढे सरकवली जाते आणि शेवटी कुठेतरी काढून घेतली जाते. ती वाटेतच गोठवता आली तर आली. म्हणून पहिला तास मोलाचा. पण तो तास जातो लाजेत. ‘एवढी शिकलेली असून फसलीस कशी?’ हा मुलांचा प्रश्न आधीच कानात वाजू लागतो आणि माणूस गप्प बसतं. ज्या एकटेपणात चोराने लुबाडलं, त्यात पुन्हा कोंडून ठेवण्याचं काम मग घरचेच करतात. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याने ही लाज मोडली. त्यांनी फसवणुकीची हकिगत थेट सर्वोच्च न्यायालयाला लिहून कळवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरात अशा गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडे दिला. बसूंच्या पत्रासारखंच हेही एक पत्र.

मावशीच्या त्या फोननंतर तिच्या मुलाने परदेशातून फर्मान काढलं: मोबाइल बँकिंग बंद, मोठा फोन काढून साधा द्यायचा, सह्या मी आल्यावर. काळजी खरीच होती. मावशी रात्रभर धुमसली आणि सकाळी त्याला म्हणाली, “मला विचार. दहादा विचार. पण माझं काढून घेऊ नकोस.” चोर घाबरवून पैसे घेतो आणि काळजीवाहू मुलगा घाबरून अधिकार घेतो. दोघांच्याही हिशेबात म्हाताऱ्या माणसाचा निर्णय उरत नाही. इस्त्रीवाल्याने तिच्या हातातून फोन हिसकावला नव्हता. त्याने एक गोष्ट सांगितली, फोन तिने ठेवला. बँकेतली चांगली मुलगी एफडी मोडायला आलेल्याला विचारते, ‘काका, घाई कसली? कुणी सांगितलंय का?’ विचारते, अडवून धरत नाही. हा तोल सांभाळणं अवघड आहे, पण रक्षण आणि नजरकैद यांच्यात अंतर आहे ते एवढंच.

परवा मावशीबरोबर तिच्या बँकेत गेले होते. शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ सारखे फोन पाहत होते, घाम पुसत होते, हातात पैसे पाठवायची स्लिप. मावशी झुकून म्हणाली, “भाऊ, फोनवर कोणी आहे का?”

“तुम्हाला काय करायचंय?” ते खेकसले.

“काही नाही. टेलिफोन खात्यात होते. लाइनवर कोण आहे ते विचारायची सवय.”

गृहस्थांना हसू आलं. नातवाच्या क्लासची फी भरायची होती आणि बँकेतला एसी बंद होता, बाकी काही नाही. मग स्लिप पुढे करत म्हणाले, “ताई, एवढी भरून देता का? चष्मा घरी राहिलाय.”

मावशीने पेन उघडलं. ते खातं क्रमांक सांगायला लागले तसा तिने हात वर केला. “मोठ्याने नको. पासबुक दाखवा.”