खडकलाटच्या सुलोचनादीदी

मंडळी, 'जॉनी मेरा नाम' तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलाच असणार. १९७० चा. त्यात देव आनंद आणि प्राण हे दोघे सख्खे भाऊ, आणि त्यांची आई म्हणजे आपल्या सुलोचनादीदी. आता जन्मसालं बघा. प्राण १९२० चे, देव आनंद १९२३ चे आणि दीदी १९२८ च्या! म्हणजे मोठा लेक आईपेक्षा आठ वर्षांनी थोरला आणि धाकटा पाच वर्षांनी. पडद्यावर कुणाला शंका तरी आली का?

दीदींचं गाव खडकलाट, निपाणीकडचं, तंबाखूच्या पट्ट्यातलं. माझं माहेर बेळगुंदी, बेळगावच्या पश्चिमेला राकसकोपच्या वाटेवर. आमच्याकडे तांबडी माती, रताळी, बटाटे आणि भात. दोन गावांमध्ये अंतर बरंच, पाहुणेपणही नाही. तरी आमची आजी ठणकावून सांगायची, "आपल्यातलीच गे ती!" आजीने खडकलाट आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तिथून ही मुलगी कोल्हापूरला गेली. आधी मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये छोटी कामं. 'चिमुकला संसार' १९४३ चा. लता मंगेशकरही तेव्हा तिथेच होत्या, त्यांचीही उमेदवारीच चाललेली. दोघींची मैत्री तिथली. मग भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ. डोळे पाहून सुलोचना हे नाव भालजींनीच दिलं. शाळा जेमतेम झालेली, बोली आपल्या सीमाभागाची. भालजींनी वाचायला लावलं, उच्चार घासून घेतले, उभं कसं राहायचं ते शिकवलं. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जयप्रभा जळाला. 'मीठभाकर' त्यानंतर, १९४९ ला पडद्यावर आला.

इथे मला थोडं माझं सांगायचं आहे. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना "मी येतो", "मी जेवलो" असंच बोलतात. १९७९ ला लग्न होऊन मी पुण्याला आले. पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांसमोर बोलून गेले, "मी चहा करतो, बसा." सगळे हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. पुढे वर्षभर मी मोजूनमापून बोलत होते. त्यामुळे दीदींचा कुठलाही मराठी सिनेमा लागला की माझे कान गोष्टीपेक्षा त्यांच्या बोलण्याकडेच. किती स्वच्छ, ठाशीव मराठी! खडकलाटचा मागमूस नाही. अभिमान वाटतो, आणि खरं सांगायचं तर हळहळही वाटते. इतक्या सिनेमांत एखादी तरी निपाणीकडची बाई त्यांच्या तोंडून तिच्या बोलीत बोलायला हवी होती.

'वहिनींच्या बांगड्या' १९५३ चा. त्या सिनेमाने त्यांना घराघरातली वहिनी केलं. १९५९ मध्ये मराठीत 'सांगत्ये ऐका' आणि हिंदीत बिमल रॉय यांचा 'सुजाता'. दीदींचं वय तेव्हा तिशीचं. लेक झालेल्या शशिकला (आपल्या सोलापूरच्या) त्यांच्याहून फक्त चार वर्षांनी लहान आणि नूतन आठ वर्षांनी. त्यातली चारू ही दुष्ट बाई नाही. अस्पृश्य घरातली पोरकी मुलगी ती सांभाळते, खाऊपिऊ घालते, पण चारचौघांत तिला "मुलगी" म्हणत नाही, "मुलीसारखी" म्हणते. त्या एका 'सारखी'वर अख्खा सिनेमा उभा आहे. शेवटी त्याच सुजाताचं रक्त तिला चढवतात. चारूच्या मायेतला तो आखडता हात दीदींनी आरडाओरडा न करता दाखवला. माझ्या मते हिंदीतलं त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. पुढे हिंदीने त्यांना पांढरी साडी नेसवून देवघरापुढे बसवलं ते बसवलंच. भूमिका ढीगभर मिळाल्या, पण त्यांच्या ताकदीच्या फार थोड्या.

मराठीने जास्त न्याय दिला. 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) मध्ये त्या जिजाबाई. भालजींचाच सिनेमा, आणि संगीत 'आनंदघन' या नावाने लताबाईंचं. प्रफुल्लमधल्या दोघी मैत्रिणी वीस वर्षांनी अशा एका चित्रात! त्याआधी १९६३ चा 'मोलकरीण': स्वतःच्या मुलाच्या घरी ओळख न देता धुणीभांडी करणारी आई. आमच्या आईने तो बेळगावात थेटरात पाहिला. घरी आल्यावर ती आजीशी आठ दिवस फार गोड वागत होती, असं काकू हसत सांगायची. आणि १९६८ चा 'एकटी'. तो मी स्वतः आईच्या मांडीला टेकून पाहिला. त्यात डॉ. काशिनाथ घाणेकर त्यांचा लेक. हेच घाणेकर पुढे त्यांच्या कांचनचे यजमान झाले, म्हणजे दीदींचे जावई. कांचनताईंनी 'नाथ हा माझा' पुस्तकात ते सगळं लिहिलंय. मिळालं तर जरूर वाचा. रंगभूमीच्या त्या धगधगत्या माणसामुळे या शांत घरात काय काय उलथापालथ झाली ते कळतं.

१९५६ च्या नोव्हेंबरात आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. दीदी तोवर कोल्हापूरमार्गे कधीच पुढे निघून गेल्या होत्या. १९९९ ला त्यांना पद्मश्री मिळाली आणि २००९ चा 'महाराष्ट्र भूषण'सुद्धा. महाराष्ट्राचं भूषण, आणि जन्मगाव कर्नाटकाच्या नकाशावर! पुण्यातल्या आमच्या सोसायटीत मी हे सांगितलं तर कुणाला पटेना. त्यांच्या लेखी दीदी कोल्हापूरच्या. मी मोबाईलवर नकाशा उघडून बोट ठेवून दाखवलं.

४ जून २०२३ ला दादरमध्ये दीदी गेल्या. वय चौऱ्याण्णव. त्या दिवशी मी बेळगुंदीत भावाकडे होते. टीव्हीवर 'मोलकरीण'चे तुकडे दाखवत होते. आमची थोरली वहिनी रताळीचे वेल बाजूला ठेवून, मातीचे हात तसेच पुढे धरून दारात उभी राहून बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "खडकलाटात कुणी सांगिटलं असंल काय गे?"