आधी भाऊ, मग कुरबानी

गेल्या वर्षी शाळेतल्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याने मला मराठी बायबल वाचायला दिले. हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना आम्ही पैगंबर मानतो, इंजीलचा उल्लेख कुरआनात आहे. तरीही वयाची पन्नाशी उलटेपर्यंत मी बायबल उघडून पाहिले नव्हते. श्रद्धेतले फरक आहेतच. पण वाद घालण्यासाठी वाचायचे नाही, असे ठरवले. फज्रच्या नमाजनंतर कुरआन वाचून झाले की बायबलचा एकच परिच्छेद वाचायचा आणि दिवसभर तो मनात घोळवायचा.

मत्तयच्या पाचव्या अध्यायात डोंगरावरील प्रवचन आहे. त्यातल्या तेविसाव्या-चोविसाव्या वचनांपाशी मी अडकलो. अर्पण घेऊन वेदीपाशी गेलेल्या माणसाला आपल्यावर नाराज असलेला भाऊ आठवला, तर त्याने काय करावे, हे तिथे सांगितले आहे. अर्पण तसेच ठेवून त्याने आधी समेट करायला जायचे.

ऐकणाऱ्यांत गालीलचे लोक होते आणि वेदी जेरुसलेमच्या मंदिरात, म्हणजे पायी काही दिवसांच्या अंतरावर. तेवढे चालून गेलेल्याने अर्पण सोडून परत यायचे!

दुसऱ्या वाचनात आणखी एक गोष्ट लक्षात आली. तुम्हाला भावाचा राग आला असेल तर, असे तिथे म्हटलेले नाही. भावाच्या मनात तुमच्याविषयी काही असेल तर, असे म्हटले आहे. चूक कोणाची, हा प्रश्नच नाही.

माझे मोठे भाऊ गावी असतात. अब्बांच्या इंतकालनंतर जमिनीचा हिशेब मी त्यांना चार लोकांसमोर विचारला होता. हिशेब मागण्याचा मला हक्क होता. पण माझा सूर चोराला विचारावे तसा होता. त्यानंतर चार वर्षे आमचे बोलणे बंद. कुरबानीच्या गोश्तात नातेवाइकांचा एक वाटा काढतात. तो मी चुलत, मावस सगळ्यांना पोहोचवत होतो, फक्त सख्ख्या भावाला नाही.

तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये आणि जो आधी सलाम करतो तो चांगला, ही हदीस मी इतरांना किती वेळा ऐकवली असेल! रक्तमांस अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, तकवा पोहोचतो, हेही तोंडपाठ होते. ओळखीचे शब्द कानावरून निघून जातात. अनोळखी पुस्तकात तीच गोष्ट समोर आली तेव्हा मात्र मी दचकलो.

बकरी ईदची नमाज पढलो आणि घरी सांगितले, बकरा आज राहू दे. कुरबानीला तीन दिवसांची मुभा असते. एसटी पकडून गावी गेलो. दारातच म्हणालो, ‘‘अस्सलामु अलैकुम, भाईजान. त्या दिवशी मी चुकीचे बोललो.’’

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सलामचे उत्तर दिले आणि आत वळून म्हणाले, ‘‘अगं, चहा टाक.’’ जमिनीचा विषय निघाला नाही. तो अजून मिटलेला नाही.

दुसऱ्या दिवशी कुरबानी केली. या वेळी पहिला वाटा गावी गेला.

धर्मग्रंथ कोणताही असो, वाचताना शेजारी आठवला तर आपण घाईने वाचतो आहोत असे समजावे. आपलाच भाऊ आठवला, तर पुस्तक मिटून उठावे.