द्वीप आणि समीप

चि. अनघास,


तुझं पत्र पोचलं. दीवला बदली झाल्यापासून बेटावर नेऊन टाकल्यासारखं वाटतं, असं तू लिहिलंस आणि जीव कालवला. बदली रद्द करणं माझ्या हातात नाही. पण तू ज्या गावात आहेस त्याच्या नावाविषयी मला तुला मनापासून काही सांगायचं आहे.

दीव म्हणजे द्वीपच. बोलता बोलता झिजलेला. १५३५मध्ये पोर्तुगिजांनी तिथे पाय रोवले, १९६१च्या डिसेंबरात ते गेले, पण नाव त्यांच्या आधीचंच टिकलं.

द्वीप म्हणजे 'द्वि' अधिक 'अप्'. अप् म्हणजे पाणी. दोन अंगांना पाणी असलेली जागा. चारही बाजूंना म्हटलेलंच नाही! मला वाटतं, हा शब्द घडवणाऱ्यापुढे समुद्र नसावा, नदी असावी. प्रवाह दुभंगतो, मधे जमीन उरते, खाली पाणी पुन्हा एक होतं. यमुनेतल्या अशाच बेटावर सत्यवतीला मुलगा झाला, तो द्वैपायन व्यास. आईने आठवण काढली की हजर होणारा. फारसीतल्या 'दोआब'चीही घडण हीच. 'आब' आणि 'अप्' मुळात एकच. कृष्णा-तुंगभद्रेमधल्या रायचूर दोआबासाठी राज्यं पिढ्यान्‌पिढ्या लढली. अशा भूमीला एकाकी कोण म्हणेल?

खरी गंमत पाणिनीकडे आहे. अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात एक नियम आहे: 'द्वि', 'अंतर्' किंवा उपसर्ग यांच्यापुढे 'अप्' आला की त्यातल्या 'अ'चा 'ई' होतो. द्वि-अप्‌चा द्वीप. प्रति-अप्‌चा प्रतीप, म्हणजे प्रवाहाच्या उलट. आणि सम्-अप्‌चा समीप! आपण रोज वापरतो तो समीप, जवळचा. बेट आणि जवळीक हे दोन शब्द एकाच पाण्यातून, एकाच सूत्राने निघालेत. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

युरोपात शब्द निराळ्या वाटेने गेला. लॅटिन 'इन्सुला' म्हणजे बेट. इटालियनमध्ये त्याचं 'इसोला' झालं, त्यावरून बेटासारखं अलग पाडलेलं असा अर्थ आला, आणि फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत पोचला. तेच हे आयसोलेशन. कोविडच्या दिवसांत आपल्या घराघरात बोललं गेलेलं. तुझी आई रोज टोचून घेते त्या इन्सुलिनच्या नावातही तीच इन्सुला आहे, कारण स्वादुपिंडातल्या ज्या पुंजक्यांत ते तयार होतं त्यांना बेटं म्हणतात. आपल्या एकटा, एकाकी, एकांत या शब्दांत मात्र 'एक' आहे, बेट कुठेच नाही.

उलट मराठीत बेट म्हणताच मला आधी आजोळचं बांबूचं बेट दिसतं. इतकं दाट की आत हात जात नसे. एकमेकांना खेटून उभ्या बांबूंच्या गर्दीला आपल्या लोकांनी बेट म्हटलं, हे मला फार आवडतं.

घोघल्याच्या पुलावरून जातेस ना, त्या खालच्या पाण्याला तिथले लोक काय म्हणतात? आणि वणाकबाऱ्याला गेलीस तर खारव्यांना विचार, समुद्रावरून परतताना दीव दिसलं की त्यांच्या तोंडी कोणता शब्द येतो. ऐकशील तसाच लिहून पाठव, शुद्ध करू नकोस.

तुझी,
मावशी