घोटभर पाणी

आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात काचेची एक बाटली अजून आहे. तिच्यावर काळ्या मार्करनं सात रेघा ओढलेल्या आहेत, दर शंभर मिलिलिटरला एक. सकाळी सहा वाजता मी ती वरच्या रेघेपर्यंत भरायची आणि रात्रीपर्यंत ह्यांना पुरवायची. चहा झाला की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं, वरण पातळ झालं असेल तर त्याचंही. गोळी गिळायचा घोटसुद्धा हिशोबात. हे २०२१ च्या जानेवारीत गेले, पण ती बाटली मला टाकवत नाही.

माझं माहेर खामगावचं, अलायन्स मिशनच्या मंडळीतलं. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनऱ्यांनी ज्या पोरक्या मुली सांभाळल्या, त्यांतली एक माझी पणजी. ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन निघाली आणि खामगावला एकटीच पोचली, एवढीच गोष्ट आमच्यापर्यंत आली आहे. मध्ये काय घडलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मात्र मरेपर्यंत ती दाराबाहेर पाण्याचा तांब्या भरून ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. माझ्या आईनंही तो ठेवला. तहानलेल्याला पाणी द्यायचं, हे आमच्या घरात प्रार्थनेच्याही आधी शिकवलं जायचं.

ह्यांची नोकरी संग्रामपूर तालुक्यात, प्राथमिक शाळेवर. बावीस वर्षं आम्ही त्या भागात काढली. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. वर काळीभोर जमीन आणि खाली खारं पाणी. विहीर खोदून शेत भिजवावं तर जमीनच बिघडते, म्हणून कपाशी, तूर, हरभरा सगळं पावसाच्या भरवशावर. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसायचा. वान धरणावरून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या १४० गावांसाठी पाणीपुरवठा योजना झाली. आमची बरीच वर्षं त्याआधीची.

२०१६ च्या पावसाळ्यात ह्यांचे पाय सुजले, तोंडाची चव गेली. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन नऊच्या वर. पाण्यामुळेच झालं का, ते डॉक्टरांनी बोट ठेवून सांगितलं नाही. ब्लड प्रेशर होतं, कंबरदुखीच्या गोळ्या बरीच वर्षं पोटात गेल्या होत्या. पण त्या दोन तालुक्यांतल्या कितीतरी गावांत किडनीचे पेशंट आहेत. डायलिसिसच्या खोलीत पहिल्याच दिवशी शेजारच्या पलंगावर ह्यांचा जुना विद्यार्थी भेटला. "सर, तुम्ही पण?" म्हणाला आणि रडायला लागला. हे त्याला शांत करत बसले.

आम्ही खामगावला येऊन राहिलो. सोमवारी आणि गुरुवारी चार-चार तास मशीन. डाव्या हाताला फिस्टुला केला होता. रात्री त्या हातावर कान ठेवला की आत रक्त घोंघावताना ऐकू यायचं. ते घोंघावत असलं की मला झोप लागायची.

सुया, पथ्य, खर्च हे सगळं हळूहळू अंगवळणी पडलं. भाजी उकळून पाणी फेकायचं, केळं नाही, संत्रं नाही, नारळपाणी नाही, मीठ चिमटीभर. तहान मात्र शेवटपर्यंत अंगवळणी पडली नाही. किडनी बंद पडली की प्यालेलं पाणी अंगातच राहतं, छातीत उतरतं, आणि माणूस कोरड्या जागी बुडायला लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. हे जिभेवर बर्फाचा खडा ठेवायचे, लवंग चघळायचे. रविवारी प्रभुभोजनाचा तो अंगठ्याएवढा पेला घेतला, तरी घरी येऊन मला सांगायचे, "तेवढं धर गं."

एका रात्री मला माठाच्या झाकणाचा आवाज आला. उठून पाहते तर अंधारात हे ग्लास भरून घटाघटा पीत होते. पहाटे श्वास लागला. ऑटोत घालून नेलं, रात्रपाळीच्या मुलीनं धावपळ करून मशीन लावलं. परत आल्यावर मी ह्यांना नको नको ते बोलले, आणि तेव्हापासून माठ कुलूपबंद खोलीत ठेवायला लागले. दुपारी हे खोलीच्या दाराशी यायचे. "अवं, घोटभर दे ना." शाळेत ज्यांच्या आवाजाला वर्ग चिडीचूप व्हायचा, तो माणूस. आणि मी नाही म्हणायची. पणजीच्या तांब्याच्या घरातली मी, तहानलेल्या माणसाला रोज नाही म्हणायची.

आमच्या शेजारच्या काकू शेगावच्या भक्त. रोज संध्याकाळी येऊन माझ्याजवळ नुसत्या बसायच्या, शेंगा सोलून द्यायच्या. एकदा त्यांनी सहज अकोलीची गोष्ट सांगितली. गजानन महाराजांनी शेतात पाणी मागितलं, भास्कर पाटलानं ते दिलं नाही, आणि मग तिथल्या कोरड्या विहिरीला पाणी आलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. मला मात्र रात्रभर तो पाटीलच दिसत राहिला.

आमच्या मंडळीतल्या काहींनी फार दुखवलं. कुणी म्हणालं, एखादं पाप कबूल करायचं राहिलं असेल. एका सभेत एका उपदेशकानं ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून, विश्वास असेल तर मशीन सोडा, असं सांगितलं. मी ह्यांचा हात धरून बाहेर आले. बायबलमधल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तेवढंच त्यांचं बरोबर होतं, असं मला तेव्हापासून वाटतं. आमच्या काकूंना ते न वाचता कळलं होतं.

त्या दिवसांत मी पंडिता रमाबाईंबद्दल पुन्हा वाचलं. आई-वडील उपासमारीत गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा कॉलऱ्यानं गेला, आणि १९२१ साली मनोरमा ही एकुलती एक लेक. पुढच्याच वर्षी त्या स्वतः. हे का, असं त्यांनी देवाला विचारलं नसेल असं मला वाटत नाही. पण १८९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. भूक काय असते हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या मुलींकडे पाठ करणं त्यांना जमलं नसेल. माझ्या मनात हे बराच काळ घोळत राहिलं.

२०१९ मध्ये गुड फ्रायडे १९ एप्रिलला आला. बारा ते तीनच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पास्टरसाहेबांनी मला पाचवा दिला. पाचवा उद्गार तहानेचा. "दुसरं कुणाला द्या," मी म्हणाले. त्यांनी आग्रह केला नाही, फक्त कागद टेबलावर ठेवून गेले. तो कागद ह्यांनी वाचला आणि माझ्यासमोर सरकवला.

आठवडाभर मी योहानाचं शुभवर्तमान वाचत होते. काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजण भरून घेणारा तो. शोमरोनातल्या विहिरीवर भर दुपारी एका अनोळखी बाईकडे पाणी मागणारा तो. आणि शेवटी वधस्तंभावर त्याचेच ओठ फुटलेले, मिळालं काय तर आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज. हे सगळं मला लहानपणापासून पाठ होतं. पण वधस्तंभाजवळ उभ्या असलेल्या बायकांकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. त्यांत त्याची आई होती. लहानपणी रात्री तो पाणी मागायचा तेव्हा उठून देणारी तीच. आता तो मागतो आहे, तिला ऐकू येतं आहे, आणि तिला देता येत नाही. ती तिथून निघूनही जात नाही.

मी ओट्यापाशी उभ्या उभ्या रडले. मी स्वतःला त्या पाटलाच्या जागी धरून बसले होते. माझी जागा इथे होती.

चर्चमध्ये मी दहा मिनिटं हेच बोलले, बाटलीचंही सांगितलं. ह्यांना आधी विचारून घेतलं होतं. हे तिसऱ्या बाकावर बसले होते. नंतर एकदा डायलिसिस चालू असताना म्हणाले, "तहान लागली की आता मी त्यालाच सांगतो. त्याला समजावून सांगावं लागत नाही." बाटलीवरची रेघ काही वर सरकली नाही. त्या मे महिन्यातही हे दाराशी आले, मीही नाही म्हटलं. पण आता मी दार बंद करून आत बसायची नाही. पोतं टाकून ह्यांच्याजवळ उंबऱ्यावर बसायची आणि तहानेची ती वेळ जाईपर्यंत आम्ही दोघं तिथेच असायचो. पुढे लॉकडाऊन आलं, पास घेऊन मशीनला जावं लागलं, शरीर खचत गेलं.

त्या गुड फ्रायडेचं एवढं सांगते. तीन वाजता उपासना संपली. बाहेर ऊन फुफाट्यासारखं, बहुतेकांचा उपास. आवारात कडुनिंबाखाली दोन माठ ठेवले होते आणि सगळे तिकडे लोटले. मी बाहेर येऊन ह्यांना शोधू लागले. हे माठापाशी उभे होते, उजव्या हातात ओगराळं घेऊन. म्हाताऱ्या बायका, लेकरं, एकेकाला ग्लास भरून देत होते, "सावकाश प्या" म्हणत होते. गर्दी ओसरल्यावर त्यांनी एक ग्लास विसळला, माझ्याकडे पाहिलं आणि एक बोट आडवं धरलं, एवढंच घेऊ का म्हणून. मी मनात रेघा मोजल्या आणि मान हलवली.