डोळ्यातलं तांबं

संपादकांनी ‘मेंदूच्या एखाद्या आजारावर सोपं करून लिहा’ म्हटलं, तेव्हा मनात एकच पेशंट आला. हिंजवडीत फेज २ मध्ये नोकरी करणारा २६ वर्षांचा मुलगा. हात कापायचा, जीभ जड झालेली, घरी सतत चिडचिड. दोन वर्षं ताणावरच्या गोळ्या चालू होत्या. मधे एकदा तो माझ्याकडेही आला होता. रात्रपाळी, झोप, कॉफी विचारून मी त्याला परत पाठवलं. ते अजून खुपतं.

दुसऱ्या खेपेला मी त्याचे डोळे स्लिट लॅम्पखाली तपासून घेतले. कॉर्नियाच्या कडेला साठलेल्या तांब्याचं सोनेरी-तपकिरी कडं होतं. आपल्या काळ्या डोळ्यांत ते नुसत्या टॉर्चने सहसा दिसत नाही. हा विल्सनचा आजार, साधारण ३० हजारांत एकाला होणारा. लंडनच्या किनिअर विल्सन यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. ‘एटीपी७बी’ हे जनुक बिघडलं की यकृताला जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. ते आधी यकृतात साठतं, मग मेंदूत.

या आजारात रक्तातलं तांबं वाहणारं सेरुलोप्लाझमिन सहसा कमी असतं. त्याचं ते एका ठिकाणी तपासलं होतं. जेमतेम नॉर्मल आलं आणि विषय मिटला. पण हे प्रथिन अंगात सूज असली, गर्भारपण असलं, तरी वाढतं. त्या एका आकड्यावर हा आजार नाकारू नये. २४ तासांची लघवी कॅनमध्ये साठवून तांबं मोजावंच. या मुलाचं १०० मायक्रोग्रॅमच्या बरंच वर निघालं.

आईने विचारलं, “तांब्याच्या तांब्यातलं पाणी पितो, त्यानं झालं का हो?” हा प्रश्न मला प्रत्येक घरातून येतो, आणि त्यामागे पुण्याचाच एक इतिहास आहे. लहान बाळांचं यकृत निकामी करणारा एक सिऱ्होसिस पूर्वी आपल्याकडे असायचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे स्टुअर्ट टॅनर यांनी १९८०च्या दशकात त्याचा माग तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेल्या, ठेवलेल्या दुधापर्यंत नेला. भांडी बदलली, आजार जवळजवळ नाहीसा झाला. त्यातही जनुकांचा वाटा असावा असं काहीजण मानतात, पण मुख्य दोष भांड्याचा. विल्सनमध्ये दोष जनुकाचा. निदान झाल्यावर तांब्याचं भांडं बंद करायचं हे खरं, पण आजार त्यातून येत नाही. त्या आईने स्वतःला दोष देऊ नये म्हणून मी हे तिला तीनदा सांगितलं.

“आमच्या घराण्यात कुणालाच नाही,” वडील म्हणाले. नसणारच. दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. आईवडील ठणठणीत असतात. उपचाराला, तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलामाइन १९५६ पासून आहे, पण सुरुवातीला मेंदूची लक्षणं त्याने उलट वाढूही शकतात, म्हणून डोस मी मुंगीच्या पावलाने चढवते आहे. मुलाचा हात थोडा स्थिरावलाय. बोलणं अजून नाही.

त्याला धाकटी बहीण आहे. तिला हा आजार असण्याची शक्यता चारांत एक. लक्षणांआधी सापडला तर गोळ्यांवर ती उभं आयुष्य नीट जगेल. तिचं लग्न ठरतंय. “तपासणी नंतर बघू, आत्ता बोभाटा नको,” असं घरचे म्हणतात. मी दोनदा फोन केला. दिवाळीनंतर पुन्हा करणार आहे.