टायमिंग कव्हर आणि खारा वारा

गाडीच्या इंजिनाला पुढून एक झाकण असतं. आमच्याकडच्या गॅरेजांत त्याला टायमिंग कव्हर म्हणतात. आत टायमिंगचे गिअर किंवा चेन, खाली एक भोक, त्यातून क्रँकचं टोक बाहेर येतं आणि त्यावर पुली बसते. भोकात रबरी ऑइल सील. दिसायला एवढंच. पण हे कव्हर केसभर जरी तिरकं बसलं तरी तेल ठिबकतं, आणि हरिहरेश्वरात भाड्याची गाडी ठिबकू लागली की गिऱ्हाईक खालचा काळा डाग बघून दुसऱ्या गाडीत बसतं.

माझ्या चुलतभावाच्या जीपचं तेच झालं होतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ फळाला यायला काही वर्षं जातात. तोवर घर जीपवर, आणि जीप कर्जावर.

सील दोनदा बदलूनही तेल थांबेना. शेवटी चाचांनी कव्हरच उतरवायला घेतलं. चाचा कुवेतला फिटर होते. 1990 मध्ये इराकी फौजा तिथे शिरल्या, तेव्हा लाखाहून जास्त भारतीय अम्मानमार्गे विमानाने परतले, त्यांत हेही. पानेपेटी तिकडेच राहिली. बुडालेल्या पगाराबद्दल ते बोलत नाहीत, पेटीबद्दल अजून बोलतात.

बोल्ट सुटता सुटेनात. कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. दोन धातूंमध्ये खारा ओलावा शिरला की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जाम होतो. प्रदक्षिणेच्या वाटेवरचे खडक तुम्ही पाहिले असतील, मधाच्या पोळ्यासारखे पोखरलेले. लाटा आणि मीठ दगडाला सोडत नाहीत, तिथे बोल्टाची काय कथा!

चाचांनी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढला आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवला. बोल्टांची लांबी सारखी नसते. लांब बोल्ट आखूड जागी पिळला की आतली जागा फुटते. जुनं पॅकिंग त्यांनी लाकडी पट्टीने खरवडलं, म्हणजे धातूवर ओरखडा नको. तेव्हा दुखणं सापडलं. कव्हर जागेवर धरणाऱ्या दोन पिनांपैकी एक गायब होती. मागे कधीतरी इंजिन उघडलं तेव्हा पडली असावी. त्यामुळे सील क्रँकवर एका बाजूला घासत होतं.

श्रीवर्धनच्या लेथवरून पिन करून आणली. कव्हर सैल लावलं, पुली सरकवून सील मधोमध आणलं, मग बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. खाली चेंबरला मिळणाऱ्या दोन कोपऱ्यांत सिलिकॉनचा फक्त ठिपका. जास्त लावलं तर आत सुटून तेलाची जाळी बुजवतं.

इथे भांडण झालं. सकाळी बागमांडल्याहून फेरीने वेसवी, पुढे दापोली असं भाडं ठरलेलं. चाचा म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत इंजिन चालू करायचं नाही.

"हप्ता कोण भरणार, चाचा?"

"सिलिकॉन हप्ता बघून सुकत नाही."

भाडं दुसऱ्याला गेलं. भाऊ रात्री जेवला नाही, चाची दोघांवर वैतागली. मला विचाराल तर भावाचा रागही खोटा नव्हता. त्या महिन्यात आलेलं ते दुसरंच लांबचं भाडं.

तिसऱ्या दिवशी जीप बागमांडल्याला गेली. जेट्टीवर भावाने गाडीखाली पुठ्ठा सरकवला, फेरी येईपर्यंत अर्धा तास ठेवला आणि त्याचा फोटो चाचांना पाठवला. पुठ्ठा कोरडा होता.